सागवान बाहेर, भुसा आत

पुण्या-मुंबईत एखादी सोसायटी पुनर्विकासाला निघाली की पहिली कुणकुण भंगारवाल्याला लागते. बिल्डरची नोटीस, सर्वसाधारण सभा, सभेतली हमरीतुमरी हे सगळं व्हायच्या आधी त्याची हातगाडी गेटसमोर उभी असते. मग एकेक घर रिकामं होऊ लागतं. आजोबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून, सुताराला महिनाभर गॅलरीत बसवून करून घेतलेलं सागवानी कपाट जातं, कारण ते नव्या फ्लॅटच्या इंटिरियरला 'मॅच' होत नाही. पलंग जातो, कारण त्याच्या खाली फरशी पुसणारा रोबो अडकेल. देव्हारा तेवढा वाचतो. त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. भाव ठरतो 'सगळं मिळून किती देतोस बोल' या तत्त्वावर. आणि त्याच आठवड्यात नव्या घरी, बारा बिनव्याजी हप्त्यांवर, खोक्यांतून फर्निचर येतं.

त्या खोक्यांत काय असतं? लाकडाचा चुरा, तो धरून ठेवणारा फॉर्माल्डिहाइडवाला डिंक आणि वरून लाकडाचा फोटो छापलेला कागद. चुरा लाकडाचाच असेल असंही नाही, उसाच्या चिपाडाचंही बोर्ड होतं. उसापासून साखर होते, इथेनॉल होतं, आमदार होतात, आता वॉर्डरोबही होतो. आपली काही तक्रार नाही. फक्त या बोर्डातला स्क्रू एकदा काढून पुन्हा बसवला की तो नीट धरत नाही, आणि फरशी पुसणाऱ्या मावशींचा ओला फडका रोज पायाला लागला की पाया फुगतो तो फुगतोच. घर बदललं की असलं फर्निचर संपलं. आणि घर बदलायचं म्हणूनच तर सागवान काढलं होतं.

खोक्यातून फर्निचर येणं हा काही गुन्हा नाही. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीनं १८५९ साली १४ नंबरची खुर्ची बाजारात आणली, ती सुटीच पाठवली जायची. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या मावत. फरक एवढाच, की ते तुकडे वाफेवर वाकवलेल्या सबंध बीच लाकडाचे होते. मुंबईच्या जुन्या इराण्याकडे बन-मस्का खाताना ज्या गोल पाठीच्या खुर्चीवर तुम्ही बसलात, ती त्याच कुळातली. किती पिढ्यांनी तिच्यावर बसून फुकट पेपर वाचला असेल. तुमच्या खोक्यातल्या खुर्चीवर वॉरंटी किती? एक वर्ष. तीही जड माणूस बसला नाही तर.

पुढे काय होतं तेही ठरलेलं आहे. ज्या घरानं कपाट काढलं त्याच घरातला मुलगा लग्नानंतर बाणेरला स्वतःचं घर घेतो आणि एका शोरूममधून 'रिक्लेम्ड टीक'चं कॉफी टेबल आणतो. पाच आकडी किंमत. टेबलाच्या फळीला एक जुनं भोक असतं, बहुधा कुणाच्या तरी कपाटाच्या कुलपाचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवलं जातं. मधल्या काळात भंगारवाला, वखारवाला, पॉलिशवाला, शोरूमवाला अशी चार घरं जगली, हे मात्र चांगलं झालं.

आपण एकटेच असे नाही. चंदीगड शहर उभं राहत असताना, १९५०च्या दशकात, शहराचा वास्तुरचनाकार ल कोर्ब्युझिए याच्या चुलतभावानं, पिएर जानेरेनं, तिथल्या कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे त्या मोडल्या, गच्च्यांवर ढीग लागले, आणि सरकारी खात्यांनी त्या भंगार म्हणून लिलावात काढल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, डगमगते पाय घट्ट केले, वेत नव्यानं विणला, आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत लाखांच्या भावानं विकल्या. २०११ साली केंद्रीय गृहखात्यानं 'हे फर्निचर आता विकू नका' असं फर्मान काढलं. सरकारी पद्धतीप्रमाणे, गाडी सुटल्यावर. कमी खर्चात जुनं फर्निचर नीट करणं म्हणजे नेमकं काय, हे कुणाला शिकायचं असेल तर त्या व्यापाऱ्यांकडून शिकावं. त्यांनी खुर्चीला गुलाबी रंग दिला नाही.

आता बजेट. जुनं स्वस्त पडतं, हे बाजारात पोचेपर्यंत खरं असतं. समजा, टेबल दोन हजारांना पटलं. टेम्पोवाला हजार मागतो, कारण त्याला परतीचं भाडं नाही. लिफ्टमधून फर्निचर न्यायला सोसायटीची बंदी, म्हणून हमाल मजल्यावर हिशेब करतो, आणि तुम्ही हौसेनं सातवा मजला घेतलेला. मग मिस्त्री येतो, टेबल एकदा हलवतो आणि विचारतो, "साहेब, हे कुणी गळ्यात मारलं तुमच्या?" हा प्रश्न प्रत्येक मिस्त्री विचारतो, मनाला लावून घेऊ नये. त्यानंतर पॉलिश, बिजागऱ्या, काच. हँडल पितळीच पाहिजेत म्हणून बोहरी आळीत चक्कर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, वर मसाल्यावर जीएसटी.

तरीही जुनं घ्यावं, या मताचा मी आहे. फक्त घेताना वस्तू उलटी करून बघावी.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत ओशिवरा आहे, मटन स्ट्रीट आहे. तिन्हीकडे प्रत्येक टेबल 'अस्सल बर्मा टीक'चं असतं. इतका साग खरोखर ब्रह्मदेशातून आला असता तर तिकडे सावलीला झाड उरलं नसतं. आपल्या बल्लारशाच्या सागाला काय कमी आहे? अयोध्येतल्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूर जिल्ह्यातूनच साग गेला, नव्या संसद भवनाचं सागवान नागपूरहून गेलं. देवाला आणि खासदारांना चालतं, पण जुन्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला बर्माच पाहिजे.

दुसरा लाडका शब्द म्हणजे 'ब्रिटिशकालीन'. अशा वेळी वाकून बिजागरीचे स्क्रू बघावेत. फुलीच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेत १९३०च्या दशकात आला आणि आपल्या सुतारांच्या पेटीत त्याच्याही बऱ्याच नंतर. तेव्हा १८९० सालच्या कलेक्टरसाहेबाच्या मेजाला फुलीचे स्क्रू दिसले तर विकणारा म्हणेल, दुरुस्तीत बदलले असतील. सगळेच? कलेक्टरसाहेबानं मेज वापरलं की नुसतंच दुरुस्त केलं?

वाकलातच आहात तर आणखी थोडं बघून घ्या. फळीवरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड सबंध आहे. कडेला एकावर एक थर दिसले की ते प्लाय, वर सागाचा पापुद्रा. खण पूर्ण बाहेर ओढा. कोपऱ्यात दोन फळ्यांचे दाते एकमेकांत अडकवलेले असतील तर तो हात जाणत्या सुताराचा. नुसते खिळे मारलेले असतील तर भावात घासाघीस करा. टेबल हललं म्हणून सोडून देऊ नका. कुसू खाचेत सैल झालं असेल तर सांधा सोडवून, जुना डिंक खरवडून, फेव्हिकॉल लावून, शिकंजात रात्रभर आवळलं की काम झालं. एवढं तुम्ही घरीही करू शकता. कुसूच मोडलेलं असेल तर मात्र मिस्त्रीशिवाय गत्यंतर नाही. वरून मारलेल्या लोखंडी पट्ट्या आणि चार-चार इंची खिळे दिसले तर समजावं, आधीच्या मालकानंही बजेटमध्येच केलं होतं.

पायाखाली पिठाइतकी बारीक, पिवळट भुकटी पडलेली असेल तर टेबलात भाडेकरू आहे. जुनी भोकं नुसती दिसण्यापुरती असतात. ताजी भुकटी म्हणजे किडा आत जेवतो आहे आणि टेम्पोत बसून तुमच्याकडे यायला तयार आहे. सागाचा गाभा तो सहसा खात नाही, कडेचं पांढरट लाकूड आवडीनं खातो. जरा जास्तच गडद पॉलिश दिसलं की भोकं शोधावीत, गेरू आणि मेणानं बुजवलेली सापडतील.

सोफा घेऊ नये. जुनं ते सोनं ही म्हण ज्यानं काढली त्यानं जुना सोफा घेतलेला नव्हता, नाहीतर म्हणीत ढेकूण आले असते. सांगाडा फारच छान असेल तर कापड आणि फोम तिथल्या तिथं फाडून टाकायला सांगावं आणि नुसती हाडं घरी आणावीत.

आणि मग येतो रंग. हल्ली जुनं फर्निचर 'मेकओव्हर' करणाऱ्यांची एक जमात निघाली आहे. परदेशी डबा, खडूच्या पोताचा पांढरा रंग, मऊ ब्रश, मागे संथ गाणं. सुतारानं वखारीत अर्धा दिवस घालवून ज्या रेषांसाठी फळी निवडली त्या रेषांवर दोन हात पांढरा थापायचा. तो वाळला की कोपरे पॉलिश पेपरनं घासायचे, म्हणजे टेबल वापरून वापरून झिजलंय असं वाटतं. जे खरंच साठ वर्षं वापरून झिजलं होतं त्याची झीज आधी झाकायची आणि मग पैसे मोजून खोटी झीज आणायची! व्हिडिओ दीड मिनिटाचा असतो. टेबल दोन वर्षांत पिवळं पडतं, त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

रंग द्यायचाच तर जंगली लाकडाला द्यावा, प्लायला द्यावा, दिवाणाच्या खोक्याला द्यावा. तिथं झाकायला भरपूर असतं. पण आधीचा ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं हे खिडकीच्या हिरव्या रंगालाच ठाऊक. पाणी मारून, वॉटरपेपरनं, तोंडाला मास्क लावून घासा. पोरं आणि वाळवणं लांब ठेवा.

सागाला पॉलिशच. आजोबांच्या कपाटावर असतं ते बहुधा लाखेचं, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. खात्री करायची तर मागच्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा दहा सेकंद दाबा. चिकट झालं की लाख. मग सगळं पॉलिश तासून उतरवायची गरजच नाही. मिस्त्री 'मशीन मारून कोरं करतो' म्हणेल. त्यात फळीचा मिलिमीटरभर थर, साठ वर्षांत आलेला मधाळ रंग आणि तुमचे पैसे असे तिन्ही जातात. धूळ-तेल पुसायचं, बारीक पेपर रेषांच्या दिशेनं हलका फिरवायचा आणि मलमलच्या बोळ्यानं लाखेचे पातळ हात देत राहायचं. जुनी लाख नव्यात विरघळून एकजीव होते. मेलामाइन आणि पीयूचे चकचकीत थर असं करत नाहीत, एकदा ओरखडले की सगळंच काढा. लाखेचा दुर्गुण एकच, गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. घरात चहा पिणारे लोक असतील तर टेबलावर बशी ठेवायला शिकवावी, हे पीयूपेक्षा स्वस्त. आणि पावसाळ्यात पॉलिश करायचं नाही. दमट हवेत ते पांढुरकं पडतं. जुलैत 'होऊन जाईल साहेब' म्हणणारा पॉलिशवाला ऑक्टोबरमध्ये फोन उचलत नाही.

आता खरी ग्यानबाची मेख. जुन्या फर्निचरमध्ये वस्तू स्वस्त असते, हात महाग असतो. आणि आपल्याला नेमका हातच स्वस्त पाहिजे असतो.

वेताची खुर्ची घ्या. बसकेच्या चौकटीला चहूबाजूंनी भोकं. भिजवलेली वेताची पट्टी त्यातून आधी उभी, मग आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, मग दोन तिरक्या. वाळली की ती ताणली जाते आणि बसणाऱ्याचं वजन अष्टकोनी छिद्रांच्या जाळीवर सारखं वाटलं जातं. एका बसकेला सबंध दिवस सहज जातो. कचेऱ्यांत आणि रेल्वेत हे काम वर्षानुवर्षं अंध कारागीर करत आले. खुर्ची विणणारा हे पद त्यांच्यासाठी योग्य ठरवलेल्या सरकारी कामांच्या यादीत होतं. बोटानं भोक चाचपायचं, पट्टी ओवायची, खुंटी ठोकायची. ज्या खुर्चीवर बसून साहेब कुणाच्या तरी अर्जावर 'त्रुटी आहे' असा शेरा मारत, ती खुर्ची न बघता बिनत्रुटीची विणलेली असे. मग साच्यातून ओतलेली प्लास्टिकची खुर्ची आली, हे काम उतरणीला लागलं. आता वेत पुन्हा फॅशनमध्ये आलाय, तर यंत्रावर विणलेल्या जाळीचे गुंडाळे मिळतात. खाचेत चेपायचे आणि पाचर ठोकायची. डिझायनर त्याला 'हँडक्राफ्टेड' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. हातानं विणणारा शोधून काढून आणला, तर त्याला आपणच म्हणतो, "एवढ्याशा जाळीचे इतके?"

आणि आपणच रंगाच्या आयात केलेल्या डब्यावरची छापील किंमत निमूट देतो. डब्याशी घासाघीस करता येत नाही ना.

दिवसभर वाकून, मांडीवर टेबलाचा पाय घेऊन पटाशीनं खाच साफ करणाऱ्या सुताराची मजुरी 'जरा बघून सांगा' असते. हँडलला दीडशे देणारा माणूस त्याच हँडलच्या फिटिंगचे वीस रुपये कापतो. मग सुतारही शहाणा होतो. जुनी दुरुस्ती नको म्हणतो, "नवीन प्लायमध्ये करून देतो, तेवढ्यातच होईल" असं सांगतो आणि खरंच तेवढ्यातच करून देतो. त्यात त्याचा दोष काय? प्लाय सरळ कापली जाते, मापात बसते, आणि बिलात चौरस फूट दाखवता येतात. सैल सांधा घट्ट केल्याचे चौरस फूट किती लावायचे?

तेव्हा बजेट करायचंच तर ते उलटं करा. कातडीवर कमी आणि सांध्यावर जास्त. पितळी हँडल नंतर येतील, नाही आली तरी खण उघडतो. टेबल आधी हलायचं थांबू दे.

सनमायका लावलेलं ऐंशीच्या दशकातलं शोकेस कुणी फुकट दिलं तरी विचार करा. आतल्या प्लायला पाणी लागलेलं असेल तर थर सुटतात, आणि सनमायका उचकटताना प्लायचा पापुद्रा घेऊनच निघतो. तुमच्या हातात शेवटी उरतात त्या बिजागऱ्या. शोकेसमधल्या बाहुल्या मात्र मागून घ्याव्यात, त्यांना हल्ली चांगला भाव आहे.

सगळ्यात फायद्याचा सौदा लाकडाचा नाहीच, लोखंडी कपाटाचा. गोदरेजनं स्टीलची कपाटं करायला १९२३ साली सुरुवात केली, आणि पुढे कुणाच्याही कारखान्यातलं असलं तरी मराठी घरात ते गोदरेजचंच कपाट झालं. लग्नात मिळालेल्या त्या हिरव्या-करड्या, आरसा लावलेल्या कपाटाला आज जुन्या बाजारात कुणी कुत्रं विचारत नाही. वाळवी त्याला खात नाही, पावसात फुगत नाही, स्क्रू पुन्हा बसतो. तळाच्या पत्र्यावर गंज तेवढा बघा. नखानं टोचून पत्रा आत गेला तर सोडा. नाही गेला तर गंज घासून, लाल प्रायमर मारून, गाड्यांना रंग मारणाऱ्या गॅरेजमध्ये ड्युको करून घ्या. रंग कुठला ते सुनेला विचारा, 'सेज ग्रीन' म्हणेल, हो म्हणा. लॉकरची किल्ली हरवलेली असेल तर किंमत पाडून मागा. विकणारा किंमत पाडेल, कपाट टेम्पोत चढवूनही देईल, पण लॉकर आपल्यासमोर फोडून बघितल्याशिवाय टेम्पो हलू देणार नाही.